सात दगडांचं पंचायतन

आमच्या तात्यापारा मोहल्ल्यातल्या घरी मागच्या ओसरीवर एक डबा फिरत असे. सकाळी, दुपारी, आम्ही जेवत असताना, मी अभ्यास करत असताना तो फिरतच असायचा आणि त्याच्या आत दगड एकमेकांवर घसरून पडायचे. खर्र-सळ, खर्र-सळ. नवीन आलेल्या माणसाने कान टवकारले की आई म्हणायची, "काही नाही, यांचे दगड शिजून राहिले." आम्हाला तो आवाज ऐकूच येत नसे. लाईट गेली आणि डबा थांबला की मात्र सगळे एकदम मान वर करून बघायचो. अजूनही शांत घरात मला काहीतरी बंद पडल्यासारखं वाटतं.

तो डबा बाबांनी भनपुरीतल्या एका वेल्डरकडून बनवून घेतला होता. जुन्या कूलरची मोटर, लहान-मोठ्या पुल्या, पट्टा, आणि दोन लोखंडी रूळ. रुळांवर सायकलच्या ट्यूबचे तुकडे चढवलेले. त्या रुळांवर डबा आडवा ठेवायचा. डबा म्हणजे जाड प्लास्टिक पाइपाचा तुकडा, आतून रबराचं अस्तर, दोन्ही तोंडांना घट्ट झाकणं. वेल्डर म्हणाला होता, मिनिटाला चाळीस फेरे होतील. मी डब्यावर खडूची खूण करून, बाबांचं घड्याळ समोर ठेवून तीनदा मोजलं. चौतीस भरले. बाबांनी ते वेल्डरला सांगितलं नाही, पण माझ्या वहीत पहिली नोंद तीच आहे.

बाबा सरकारी प्रयोगशाळेत होते. रस्त्याला लागणारी गिट्टी तपासणं हे त्यांचं काम. तिथे एक मोठा लोखंडी ढोल होता. त्यात गिट्टी आणि पोलादी गोळे घालून फिरवायचे आणि गिट्टी किती झिजली ते वजनावरून काढायचं. तिथे झीज म्हणजे दोष. घरी तीच झीज आम्हाला हवी असायची. दौऱ्यावर कवर्ध्याकडे गेले की बाबा मैकल डोंगरांच्या पायथ्याच्या नाल्यांतून पिशवी भरून आणत: दुधी आणि राखाडी पट्ट्यांचे अकीक, काळजाच्या रंगाचे लाल जास्पर. सरगुज्याकडून कधीतरी दगड झालेल्या लाकडाचे तुकडे यायचे. त्यांत लाकडाची नस आणि वर्षांची वलयं स्पष्ट दिसत. आजोबांनी असा एक तुकडा नखाने वाजवून पाहिला होता.

"शालू, इकडे ये व. हे लाकूड म्हणते तुहा बाप. मंग इतकं जड काहून आहे?"

"लाखो वर्षांत दगड झालं ते, आजोबा."

"मले पंच्याहत्तर झाले. मी नाही झालो अजून."

डबा भरणं, धुणं आणि वही हे तिन्ही माझ्याकडे होतं. मी तेव्हा अकरावीत होते. आधी दगड घासणारी ऐंशी नंबरची जाडी भुकटी, चौदा दिवस. मग दोनशेवीस नंबरची सात दिवस, सहाशेची सात दिवस, आणि शेवटी चष्म्याच्या काचा घासणाऱ्याकडून आणलेली गुलाबी पूड, सात दिवस. एकूण पाच आठवडे. प्रत्येक टप्प्यानंतर दगड आणि डबा इतका धुवायचा की जाड्या भुकटीचा एक कणही राहता कामा नये. राहिला तर तो शेवटच्या आठवड्यात सगळ्या दगडांवर ओरखडे काढतो. धुतल्यावर जो राखाडी गाळ निघतो तो मोरीत कधीच ओतायचा नाही, तो सिमेंटसारखा बसतो. हे आम्ही एकदा मोरी तुंबवून शिकलो होतो. त्या दिवशी आईने स्वयंपाकच केला नाही. दगड धुण्याचा दिवस रविवार. सकाळी तांदळाच्या पिठाचे चीले, म्हणजे धिरडी, आणि टमाटरची चटणी खायची आणि मग मी अंगणात गोल बाजारातून आणलेल्या दोन जर्मनच्या पराती मांडून बसायची. प्रत्येक दगड डब्यात जाण्याआधी बाबांनी प्रयोगशाळेच्या भंगारातून आणलेल्या तराजूत तोलायची, आणि बाहेर आला की परत. जास्परची झीज साधारण शेकडा पंधरा, अकीकची थोडी कमी. मला हे आकडे जमवायला फार आवडायचं. पुढे मी सांख्यिकी खात्यात तीस वर्षं आकडेच जमवले, पण त्या वहीइतका भरवसा मला कुठल्याच तक्त्याचा वाटला नाही.

आता देवघराबद्दल. आमच्याकडे पंचायतन होतं. पाच देव आणि पाचही दगड, मूर्ती एकही नाही. विष्णू म्हणजे काळा शाळिग्राम, शंकर म्हणजे नर्मदेतला लांबट गोटा, बाण, सूर्य म्हणजे स्फटिक, देवी म्हणजे धातूची चमक असलेला सोनमुखी, आणि गणपती म्हणजे सोन नदीतला लाल दगड, शोणभद्र. मोठ्या सुपारीएवढा. शोणभद्र हा जास्परच असतो, हे बाबांनी मला एकदा हळू आवाजात सांगितलं, एखाद्या मोठ्या माणसाचं घरातलं नाव सांगावं तसं. पण आमच्या गणपतीकडे बघून ते कळलं नसतं. त्याच्यावर शेंदूर-तेलाचे इतके थर चढले होते की खालचा दगड घरात कोणीच पाहिलेला नव्हता.

पूजा आजोबा करायचे. ते मालगाडीचे गार्ड होते. उभा जन्म लांबचे सिग्नल बघण्यात गेलेला. आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. एकाचं ऑपरेशन होऊनही फारसं उजळलं नव्हतं, दुसऱ्याचं ते करू देत नव्हते. पण पूजेला त्यांचं काही अडत नसे. ताम्हणात पाचही देव एकत्र घ्यायचे, पाणी घालायचं, मग बोटांनी चाचपून एकेक उचलायचा, पुसायचा आणि त्याच्या जागी ठेवायचा. कधी चूक नाही. गणपतीला तर अंगठ्याने एकदा दाबायचे, ओळखीच्या माणसाचा खांदा दाबावा तसं.

एकदा डब्यातून अकीक छान निघाले होते. आजोबांनी त्यातला एक खिडकीशी धरला, मान वाकडी केली आणि म्हणाले, "ह्याचा एक ठिपका दिसून राहिला मले." तेवढंच. पण माझ्या डोक्यात बसलं. मला वाटलं, गणपती असा चकाकला तर आजोबांना तो दिसेल. चतुर्थीला पाच आठवडेच राहिले होते. माझ्या आकड्यांत ते अगदी बरोबर बसत होतं.

आजोबा दुपारी झोपले असताना मी गणपती उचलला, सोड्याच्या गरम पाण्यात थर सुटा केला आणि डब्यात टाकला. त्याच्या जागी नाल्यातला तेवढ्याच आकाराचा एक लाल जास्पर, तेल-शेंदूर चोळून ठेवला. त्या खेपेचे बाकीचे दगड तोललेले होते. गणपतीही मी तराजूपर्यंत नेला. पण देवाला एका पारड्यात घालायचं आणि समोर पितळी वजनं ठेवायची, हे मला बरोबर वाटेना. देव न तोलता आत गेला. वहीत त्या खेपेला अठ्ठावन्न दगड आहेत. डब्यात एकोणसाठ होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दारात उभी राहून पूजा पाहिली. गणपतीवर आजोबांची बोटं थांबली. अंगठा दाबला, परत दाबला. मग त्यांनी तो दगड पुसून गणपतीच्या जागी ठेवला आणि पुढे गेले. मला हायसं वाटलं. पोरवयात माणूस किती बघतो आणि किती कमी समजतो, याचं हे उदाहरण मी स्वतःलाच अनेकदा दिलं आहे.

चौदा दिवसांनी पहिला टप्पा संपला. मी डबा उघडला आणि लाल दगड परातीत वेगळे काढले. दहा जास्पर आणि एक गणपती, अकरा. अकराही सारखे गोल, सारखे मंद, सारखे लाल. मला खात्री होती की मी आपला ओळखीन. पण मी ओळखत होते तो शेंदूर होता, दगड नव्हे. पाणी बदलून, उलटेसुलटे करून पाहिले. बाबा ओसरीवर आले, म्हणाले, "जास्पर चांगले निघाले." मी हो म्हणाले आणि पुढची भुकटी घातली. घाबरलेलं माणूस हातातलं काम पुढे चालू ठेवतं. चकाकल्यावर कळेल, असं मी स्वतःला सांगितलं.

इकडे घरात काहीतरी बदलत होतं. पूजेला आजोबांना अठरा मिनिटं लागायची, आता पंचवीस लागू लागली. ते अंघोळीनंतर शर्ट हातात घेऊन आईला विचारायचे, "हा माहाच आहे ना?" बटणं लावून झाली की परत वरून खाली मोजायचे. आईने त्यांना शेंगा सोलायला दिल्या होत्या. टरफलं आणि दाणे वेगळे केलेच आहेत का हे ते पुन्हा चाचपत बसले. आई बाबांना म्हणाली, "मामंजींचं काहीतरी बिनसलं." मी हे सगळं पाहत होते आणि त्याचा डब्याशी काही संबंध असेल असं माझ्या मनातही आलं नाही.

चतुर्थीला चार-पाच दिवस राहिले असतील. आजोबांनी मला पोस्टकार्ड घेऊन बसायला सांगितलं. बाबांचे थोरले भाऊ, आमचे मोठेबाबा, नागपूरला असायचे. गणपतीला दरवर्षी येत. त्यांना पत्र होतं. पत्रात आजोबा पुस्तकी मराठी वापरायचे, जसे ते गार्डच्या रिपोर्टात वापरत असतील. मी लिहीत गेले:

"चिरंजीवास आशीर्वाद. यंदा येशील तेव्हा देव सोबत घेऊन जावेस. डोळे गेले तरी माझे अडत नव्हते. आता बोटांचीही ओळख गेली आहे. महिना झाला, गणपती हातात येतो, पण"

पुढे ते म्हणाले, "पण तो गणपती वाटत नाही. अशा माणसाने पूजेस बसू नये." ते मी लिहिलं नाही. पेन तिथेच थांबलं.

"लिहिलं?"

"आजोबा, तो गणपती नाहीच."

"हव ना. तेच तर लिही म्हणून राहिलो."

"तसं नाही. खरंच नाही. मी बदलला. आपला गणपती डब्यात आहे."

मागे डबा फिरत होता. त्यांनी मान त्या दिशेला वळवली.

"त्या डब्यात?"

"हो."

"किती दिवस झाले?"

"एकतीस."

त्यांनी उजवा हात वर धरला, अंगठा एकेका बोटावर घासला, जणू हातात काही आहे. "म्हणजे हे बोटं बरोबर सांगून राहिले होते," ते म्हणाले. मग पुन्हा, स्वतःशीच, "बरोबर सांगत होते." मला वाटलं आता ते हसतील. पण त्यांचा आवाज फाटला.

"पोट्टे, एक महिना मी रोज सकाळी घाबरून उठून राहिलो. डोळे गेले तेव्हा इतका नाही घाबरलो मी. वाटलं, आता डोकं चाललं. उद्या तुमचे चेहरे चाचपीन आणि ओळखणार नाही. तुले एकदा सांगता नाही आलं?"

मी रडले. त्यांनी मला जवळ घेतलं नाही, उठून जा असंही म्हटलं नाही. तेवढ्यात आई झारा हातात घेऊन आली. तिने सगळं ऐकलं होतं.

"देवाले मशीनमध्ये घातलं? अव पोरी, खंडित झाला असन तर? आधी बंद कर ते!"

"राहू दे," आजोबा म्हणाले. "सोन नदीत काय होत होतं त्याले? हेच. तुह्या पोरीच्या डब्याले मोटर आहे, इतकाच फरक." मग माझ्याकडे वळून, "किती राहिले?"

"चार दिवस."

"मंग चार दिवस चालू दे. मधातच कोणी गाडी उभी करते काय?"

शेवटच्या दिवशी डबा उघडताना ओसरीवर चौघंही होतो. गुलाबी पाणी निथळलं, मी दगड तीनदा धुतले आणि अकरा लाल दगड पितळी ताटलीत ठेवले. ओले असल्यासारखे चमकत होते, पुसले तरी तसेच. आजोबांनी एकेक उचलला, अंगठ्याने दाबला, खाली ठेवला. अकरा झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून. मग हात मांडीवर ठेवले.

"नाही. सगळे एकसारखे झाले. ह्यावेळी बोटांची चूक नाही, बरं. तिथे ओळखायले काही राहिलंच नाही."

मी वही आणि तराजू घेऊन आले. दहा जास्परची आधीची वजनं माझ्याकडे होती. शेकडा पंधराच्या आसपास झीज धरून प्रत्येकाचं आताचं वजन किती यायला हवं, ते मी एका रकान्यात लिहिलं. अकरा दगड तोलायचे म्हणजे त्यांत देवही तोलला जाणार होता. मी आजोबांकडे पाहिलं. ते म्हणाले, "तोल. आता तो सांगत नाही तर विचाराच लागन." बाबा वजन वाचत होते, मी जुळवत होते. चाळीसचा दगड चौतीसला सापडला, बावीसचा पावणेएकोणीसला. एकेक करून नऊ जुळले. उरला एकतीस ग्रॅमचा जास्पर, त्याचं उत्तर सव्वासव्वीसच्या आसपास यायला हवं होतं. आणि ताटलीत दोन दगड उरले होते, दोघेही सव्वीस ग्रॅम. घनतेत फरक निघतो का हे बघायला बाबांनी ते पाण्यात बुडवूनही तोलले. आमच्या तराजूला फरक कळला नाही. एक आमचा गणपती होता आणि एक कवर्ध्याच्या नाल्यातला दगड. ज्याचं वजन मी भक्तीपोटी घेतलं नव्हतं, त्याच्यापाशीच माझी वही संपत होती.

"चिठ्ठ्या टाकू," बाबा म्हणाले.

"आणि जो उरन त्याले काय सांगायचं?" आजोबा म्हणाले. "दोघांनाही ठेवा."

मग त्यांनी देव्हाऱ्यात हात घालून तो तिसरा, खडबडीत, शेंदूर फासलेला दगड उचलला. मी तो परत नाल्यातल्या ढिगात टाकायला हात पुढे केला होता. त्यांनी दिला नाही.

"एक महिना हा माह्या हातून अंघोळ करून राहिला. मी मनात शंका ठेवून त्याची पूजा केली. त्याची काय चूक होती? राहू दे ह्यालेही."

दोन चकाकते दगड त्यांनी पूर्वेच्या खिडकीशी नेले, दोन्ही हातांत एकेक. आम्ही वाट पाहत होतो. "हव," ते म्हणाले, "इकडे एक ठिपका, तिकडे एक ठिपका." आई पदराने डोळे पुसत आत गेली. त्या दिवशी वडाभात झाला. आजोबांनी दोनदा मागून घेतला.

मोठेबाबा चतुर्थीला आले, पूजेला बसलेल्या आजोबांच्या मागून वाकून त्यांनी देव मोजले. "बाबा, पंचायतनात सात?" आजोबा मान न वळवता म्हणाले, "मोजणारी पोट्टी आहे घरात. तिले विचार." देव नागपूरला गेले नाहीत. ते पोस्टकार्डही गेलं नाही. 'पण'पाशी थांबलेलं ते कार्ड माझ्या वहीत अजून आहे. आजोबांनी त्यानंतर सहा वर्षं पूजा केली. वेळ परत अठरा मिनिटांवर आली नाही. दोन देव वाढले होते, वीस लागायची. ते रागावले होते का, हे मी त्यांना विचारलं नाही. इतकं खरं की त्या दिवसानंतर घरातली एखादी वस्तू जागेवरून हलवली तरी मी आधी त्यांना सांगायची. ते म्हणायचे, "बरं केलं सांगितलं."

आता ते सातही माझ्या फ्लॅटमध्ये आहेत. माझा मुलगा मराठी समजतो, उत्तर हिंदीत देतो. मध्यंतरी म्हणाला, "मम्मी, किसी लैब में दे दो ना, दो मिनट में बता देंगे कौन सा सोन नदी का है." बरोबर आहे त्याचं. सांगतीलही. मी दिले नाहीत. का, ते मलाही नीट सांगता येत नाही, आणि जे नीट सांगता येत नाही ते लिहू नये अशी माझी सवय आहे.

गेल्या वर्षी डोळ्यांच्या डॉक्टरांनी मोतीबिंदू धरायला लागल्याचं सांगितलं. घाई नाही म्हणाले. तेव्हापासून मी पूजा डोळे मिटून करते, बोटांना सवय व्हावी म्हणून. ताम्हणातून एकेक उचलते, नाव मनात घेते, मग डोळे उघडून पाहते. शाळिग्राम, बाण, स्फटिक, सोनमुखी कधी चुकत नाहीत. तो खडबडीत तर हात घालताच सापडतो. सातांपैकी पाच रोज बरोबर येतात. उरलेल्या दोघांच्या बाबतीत मी बरोबर आहे की नाही, हे सांगणारं आता कोणी नाही. दोघांनाही अंगठ्याने एकदा दाबते आणि ठेवते.